पेव, विरजण आणि म्हातारपण

सांगलीजवळ हरिपुरात हळद जमिनीखाली ठेवायची जुनी रीत आहे. नदीकाठच्या खोल, घट्ट मातीत वर निमुळत्या तोंडाचा, आत ऐसपैस असा खड्डा काढायचा, त्यात हळद भरायची आणि तोंड बंद करून टाकायचं. याचं नाव पेव. आतला ऑक्सिजन हळूहळू संपतो, कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडल्या उघडल्या आत उतरायचं नाही, हे हमालाला सांगावं लागत नाही. खालच्या हवेत माणूसही गुदमरतो. २००५ च्या महापुराचं पाणी शिरून यातली कित्येक पेवं कामातून गेली, ती गोष्ट वेगळी.

ऑक्सिजन नसेल तर माणूस मरतो आणि असेल तर माल खराब होतो. प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपकारक अशा जिवाणूंची जनुकं बदलून त्यांच्याकडून आतड्यातच अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिजनमुळं होणारी नासधूस रोखणारी द्रव्यं बनवून घ्यायची आणि म्हातारपण धडधाकट काढायचं, हे जे संशोधन चाललंय त्याच्या मुळाशी हाच पेच आहे.

डेनम हार्मन हा मूळचा तेल कंपनीतला रसायनशास्त्रज्ञ, नंतर डॉक्टर झाला. १९५६ मध्ये त्यानं मांडलं, की श्वासातला ऑक्सिजन वापरताना शरीरात फ्री रॅडिकल नावाचे झोंबरे रेणू तयार होतात, ते पेशींना कुरतडत राहतात आणि आपण म्हातारे होतो. लोखंड गंजावं तसं. बरीच वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज हे एन्झाइम दाखवलं. असल्या रॅडिकलचा बंदोबस्त करायला शरीरानंच माणूस नेमलेला आहे म्हटल्यावर हार्मनच्या म्हणण्याला वजन आलं.

मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांचं पेव फुटलं. हा शब्दप्रयोग सांगलीकरानं जरा जपून वापरावा, पण इथे तो चपखल बसतो. त्या उत्साहावर पाणी पडलं ते फिनलंडमध्ये. २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या चाचणीचे निकाल १९९४ मध्ये आले: बीटा कॅरोटीन (गाजरातलं अँटिऑक्सिडंट) घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायचा सोडून १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच एक चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. पुढं २००९ मध्ये असंही दिसलं, की जीवनसत्त्व क आणि ई यांच्या गोळ्या व्यायामाचा काही फायदा पुसून टाकतात. थोडे फ्री रॅडिकल शरीराला निरोपासारखे लागतात. सगळेच गिळून टाकले तर निरोप पोचत नाही. अँटिऑक्सिडंट म्हणजे जास्त तितकं चांगलं, हे समीकरण तेव्हाच मोडलं. मेडिकलच्या काउंटरवर मात्र ते अजून शाबूत आहे.

दुसरी कथा दह्याची. १९०५ मध्ये स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्यानं जिनिव्हात आपल्या गावाकडच्या दह्यातला जिवाणू वेगळा केला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले मेचनिकॉफ तेव्हा म्हातारपणाच्याच मागे लागले होते. मोठ्या आतड्यात अन्न कुजतं, त्याचं विष अंगात भिनतं आणि आयुष्य घटतं. आंबट दह्यातले जिवाणू ही कूज रोखतात, असा त्यांचा सिद्धांत. ते स्वतः रोज आंबवलेलं दूध घेत. १९०८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, पण ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, दह्यासाठी नव्हे. जाहिरातींमध्ये हा फरक हमखास गाळला जातो. १९१६ मध्ये, ७१ व्या वर्षी ते गेले. नंतर येल विद्यापीठात रेट्गर यांनी दाखवलं, की हा बल्गेरियन जिवाणू आतड्यात मुक्काम करतच नाही. आपल्याकडे २०१२ मध्ये त्यालाच राष्ट्रीय सूक्ष्मजीव ठरवलं गेलं!

आज जनुकं बदलण्यासाठी ज्याला वारंवार हाताशी धरतात, तो मात्र दह्यातला नाही. पहिल्या महायुद्धात बरोबरचे सैनिक हगवणीनं आडवे होत असताना एक जर्मन सैनिक ठणठणीत होता. १९१७ मध्ये आल्फ्रेड निसल यांनी त्याच्या विष्ठेतून ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचा एक वाण काढला. तो ‘निसल १९१७’ म्हणून अजून औषधात चालतो. ई. कोलायची जनुकं प्रयोगशाळांना तोंडपाठ, म्हणून ही पसंती. पण डीएनएला इजा करणारं कोलिबॅक्टिन नावाचं रसायन हाच वाण बनवू शकतो, हेही नंतर कळलं.

दोन्ही कथा जुळल्या त्या जनुकांच्या कलमामुळं. १९७८ मध्ये ई. कोलायकडून माणसाचं इन्सुलिन बनवून घेतलं गेलं, पण ते शरीराबाहेर, प्रयोगशाळेत. जिवाणूलाच पोटात पाठवून तिथं काम करवायचं धाडस २००० मध्ये बेल्जियममधल्या स्टाइडलर यांच्या गटानं केलं. दूध आंबवणाऱ्या लॅक्टोकोकसमध्ये त्यांनी दाह शमवणाऱ्या प्रथिनाचं जनुक घातलं आणि उंदरांच्या आतड्याची सूज उतरली. मग कुणी दह्याच्या कुळातल्या लॅक्टोबॅसिलसमध्ये कॅटलेज हे तसलंच संरक्षक एन्झाइम घातलं, कुणी सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज. तेही उंदरांच्या सुजेवर उपयोगी पडलं. २०१३ मध्ये निसलच्या वाणानं बीटा कॅरोटीनही बनवून दाखवलं. हो, फिनलंडवालंच.

आणि हळद? टोकियोतल्या संशोधकांनी २००८ मध्ये ई. कोलायकडून कर्क्युमिनसारखी (कर्क्युमिन म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य) द्रव्यं बनवून घेतली. कर्क्युमिन खाल्लं तर रक्तात फारच थोडं उतरतं, म्हणून ते आतड्यातच तयार व्हावं हा विचार सुचण्यासारखा आहे. गंमत अशी, की आपल्या आतड्यातल्याच ई. कोलायकडे कर्क्युमिनचं रूप पालटणारं एक एन्झाइम आहे, हे २०११ मध्ये सापडलं. म्हणजे एक जिवाणू बनवणार आणि शेजारचा ते बदलून टाकणार.

माझं मत विचाराल तर आतड्याच्या सुजेपुरता हा मार्ग पटतो, कारण जिथं दुखणं तिथंच औषध तयार होतं. आयुष्य वाढण्याचे पुरावे बहुतेक प्रयोगशाळेत पाळलेल्या इवल्या जंतांचे आणि उंदरांचे आहेत. २०१७ मध्ये ई. कोलायची जवळपास ४,००० जनुकं एकेक करून बंद करून ते जिवाणू जंतांना खाऊ घातले, तेव्हा २९ प्रकारांनी त्यांचं आयुष्य वाढवलं. त्यातल्या काहींमागे कोलॅनिक ॲसिड नावाची साखरेची साखळी निघाली. ती अँटिऑक्सिडंट नव्हे. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरांवर, तिचा परिणाम होत होता.

बदललेला जिवाणू संडासवाटे नदीपर्यंत जाईल त्याचं काय, हा प्रश्न कृष्णाकाठी तरी सहज सुचावा. भारतात असे जीव १९८९ च्या नियमांखाली येतात. स्टाइडलर यांनी २००३ मध्येच एक तोड काढली: नवं जनुक त्यांनी थायमिडीन (डीएनए बनवायला लागणारं द्रव्य) बनवणाऱ्या जनुकाच्या जागी बसवलं, त्यामुळं बाहेर थायमिडीन मिळालं नाही की जिवाणू मरतो. २००६ मध्ये क्रोन रोगाच्या, म्हणजे आतड्याच्या जुनाट सुजेच्या, १० रुग्णांना दिला तो हाच. विरजण संपलं की आपण वाटी घेऊन शेजारी जातो, आणि एकाच दह्याचं बोट असं अख्ख्या गल्लीत फिरतं. या जिवाणूची घडणच अशी, की त्यानं फिरू नये. त्याची रोज नवी पुडी आणावी लागेल.