फेल डोंगरधाव
उत्तर इंग्लंडमधील उघड्या, खडकाळ आणि गवताळ डोंगरांना तेथील बोलीत फेल म्हणतात. या डोंगरांवर चढ-उतार करत, बांधीव रस्ता शक्यतो टाळून धावण्याच्या शर्यतीला फेल डोंगरधाव असे नाव आहे. स्कॉटलंड आणि वेल्समध्येही हा प्रकार रुजलेला असून स्कॉटलंडमध्ये तो हिल रनिंग या नावाने ओळखला जातो. ठरावीक तपासणी ठाणी गाठून परत येणे हे धावपटूचे काम असते. अनेक शर्यतींत दोन ठाण्यांमधील वाट ज्याची त्याने निवडायची असते, त्यामुळे दमसासाइतकीच डोंगराची जाण निर्णायक ठरते.

इंग्लंडमधील फेल रनर्स असोसिएशन ही संघटना 1970 साली स्थापन झाली. शर्यतींचे वर्गीकरण ती चढाव आणि अंतर या दोन निकषांवर करते. अ वर्गातील शर्यतीत दर किलोमीटरमागे सरासरी किमान 50 मीटर चढ असावा लागतो आणि एकूण अंतराच्या 20 टक्क्यांहून अधिक भाग रस्त्यावरून जाऊ नये असा नियम आहे. ब वर्गात हीच मर्यादा 25 मीटर व 30 टक्के, तर क वर्गात 20 मीटर व 40 टक्के आहे. 10 किलोमीटरपर्यंतची शर्यत लघु, तर 20 किलोमीटर किंवा त्याहून मोठी शर्यत दीर्घ समजली जाते.

अकराव्या शतकात स्कॉटलंडचा राजा तिसरा माल्कम याने वेगवान दूत निवडण्यासाठी ब्रेमार येथे डोंगरावर शर्यत लावली, अशी आख्यायिका आहे. आजच्या स्वरूपाची परंपरा मात्र एकोणिसाव्या शतकातील गावजत्रांमधून आणि ग्रासमिअरसारख्या क्रीडामेळ्यांतून घडली. यॉर्कशरमधील बर्नसॉल गावाची शर्यत जेमतेम अडीच किलोमीटरची आहे; तरीही तिच्यात अर्नेस्ट डॅलझेल याने 1910 साली नोंदवलेली 12 मिनिटे 59.8 सेकंदांची वेळ 1977 पर्यंत कोणालाही मोडता आली नाही. रोख बक्षीस घेणारे धावपटू आणि हौशी धावपटू यांच्यात दीर्घकाळ कडक भेद पाळला जाई. स्त्रियांनाही बराच काळ अधिकृत प्रवेश नव्हता. 1955 साली सोळा वर्षांच्या कॅथलीन कॉनोकी हिने स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस या पर्वताची चढाई-उतराई धावत पूर्ण केली, तीही अनधिकृतपणेच. शर्यतीबाहेरचे एक आव्हानही या परंपरेत मानाचे मानले जाते. 1932 साली केझिकमधील निवासगृहाचे मालक बॉब ग्रॅहम यांनी 24 तासांच्या आत 42 शिखरे पार केली. त्या वाटेवर आजही धावपटू आपली क्षमता अजमावतात. वासडेलचे मेंढपाळ जॉस नेलर यांनी 1975 साली तेवढ्याच वेळात 72 शिखरे गाठली.

असे विक्रम प्रसिद्धी मिळवतात, पण या खेळाचा प्राण गावोगावच्या छोट्या शर्यतींत आहे. पेनाइन डोंगररांगांतील अशा शर्यतीचा मार्ग बहुधा दरीतल्या गावाजवळून सुरू होतो, ओक आणि बर्चच्या रानातून चढतो आणि वरच्या मूरवर, म्हणजे झाडे नसलेल्या ओलसर पठारावर, बाहेर पडतो. रानात ओल्या मुळ्या, निसरडे दगड, अरुंद फाटके आणि दगडी कुंपणे ओलांडण्याच्या पायऱ्या यांमुळे पुढे जाणे अवघड होते. मूरवर गुडघ्यापर्यंत हेदरची झुडपे, गवताचे उंचवटे आणि पीटचा काळा दलदली थर असतो, आणि त्यात पाय कुठे रुतेल याचा भरवसा नसतो. धुके उतरले की पन्नास पावलांवरचा माणूसही दिसेनासा होतो. तीव्र चढावर अव्वल धावपटूसुद्धा गुडघ्यांवर हात रेटत चालतात. उतारावर मात्र पाऊल कोठे टाकायचे याचा निर्णय क्षणात घ्यावा लागतो, आणि पुष्कळ शर्यती तेथेच जिंकल्या किंवा हरल्या जातात. त्यासाठी तळाला खोल रबरी खुंट्या असलेले हलके बूट वापरतात. बोल्टनच्या नॉर्मन वॉल्श यांचे बूट या खेळात विशेष नावाजले गेले.

अशी शर्यत भरवणे हे मुख्यतः स्थानिक क्लबच्या स्वयंसेवकांचे काम असते. जमीनमालकांची परवानगी घ्यावी लागते. मूरवर जमिनीलगत घरटी करणारे कर्ल्यूसारखे पक्षी आणि विणीच्या हंगामातील मेंढ्या यांचा विचार करून तारीख व मार्ग ठरवावा लागतो. दगडी कुंपणांवरून चढून ती ढासळवणे हा धावपटूचा गंभीर दोष मानला जातो, कारण पुढच्या वर्षीची परवानगी शेतकऱ्याच्या विश्वासावर अवलंबून असते. नोंदणी बहुधा गावच्या सभागृहात, पबमध्ये किंवा शेतातल्या तंबूत होते, आणि मुख्य शर्यतीआधी मुलांच्या छोट्या शर्यती घेण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे.

सुरक्षेचा भार आयोजक आणि धावपटू या दोघांवर असतो. उंचावरील लांब शर्यतींत पूर्ण अंग झाकणारे जलरोधक कपडे, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि अडीअडचणीसाठी खाद्य जवळ बाळगणे सक्तीचे असते. भर उन्हाळ्यातही ही सक्ती योग्यच आहे. घामाने भिजलेला माणूस पाय मुरगळून वाऱ्यात थांबला, तर त्याच्या शरीराचे तापमान झपाट्याने उतरू लागते. 2012 साली उत्तर इंग्लंडमधील लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातील एका शर्यतीत धावपटूचा मृत्यू झाल्यानंतर सहभागींच्या मोजणीचा प्रश्न ऐरणीवर आला. सुरुवातीला निघालेल्यांची संख्या आणि परत आलेल्यांची संख्या जुळल्याशिवाय शर्यत संपली असे मानता येत नाही. म्हणून प्रत्येक ठाण्यावर क्रमांक टिपले जातात आणि अनेक ठिकाणी सर्वांच्या मागून एक स्वयंसेवक मार्ग तपासत येतो. वाटेत शर्यत सोडणाऱ्याने जवळच्या ठाण्यावर तसे सांगणे आणि शेवटी आयोजकांसमोर हजर होणे बंधनकारक असते. तो परस्पर घरी गेला, तर गिरिबचाव पथकातील बिनपगारी स्वयंसेवकांना अंधारात त्याच्या शोधासाठी डोंगर चढावा लागतो.