बेसामे मुचो कुणीही गायलं तरी ओळखू येतं, ते कसं काय?

बेसामे मुचो हे गाणं मेक्सिकोच्या कोन्सुएलो वेलास्केस यांनी १९४० च्या आसपास लिहिलं. बाई पियानो वाजवायच्या, वय अगदी कोवळं, आणि गाणं सगळं चुंबनावर असलं तरी तोवर स्वतःला काही अनुभव नव्हता असं नंतर त्याच सांगायच्या. १९४४ ला जिमी डॉर्सीच्या ऑर्केस्ट्राने इंग्रजी शब्द घालून ते अमेरिकेत एक नंबरला नेलं आणि मग जो तो गायला लागला. बीटल्सनी १ जानेवारी १९६२ ला डेक्का कंपनीच्या ऑडिशनला हेच गाणं म्हटलं होतं (कंपनीने नापास केलं त्यांना, असो). ते सुसाट पळवलंय, मध्ये मध्ये ‘चा चा बूम’ पण आहे. उलट डायना क्रॉलचं २००१ चं ऐका, इतकं संथ की दोन ओळींच्या मध्ये चहा होईल. वेस माँटगोमरीच्या गिटारवर तर शब्दच नाहीत. आवाज वेगळा, पट्टी वेगळी, लय वेगळी, भाषापण बदलते, आणि तरी चाल सुरू झाली की लगेच कळतं, अरे हे तेच!

गंमत अशी की कानात जाणारी कंपनं बघितली तर या रेकॉर्डिंग्जमध्ये सारखं असं फारसं काही नसतं. सारखं असतं ते स्वरांमधलं नातं. समजा एकाने सा २४० हर्ट्झला धरला तर त्याचा पंचम ३६० ला येतो, दुसरीने २०० ला धरला तर ३०० ला. चारही आकडे वेगळे पण दोन्हीकडे पंचम सा च्या दीडपट. काळी एक असो की पांढरी पाच, पेटीवाल्याला हे सांगायलाच नको. मेंदू आकडे सोडून देतो आणि हे गुणोत्तर, शिवाय चाल कुठे चढते कुठे उतरते तो आकार लक्षात ठेवतो. काही महिन्यांच्या बाळांनासुद्धा हे जमतं, पट्टी बदलली तरी चाल त्यांना ओळखीची वाटते, प्रयोगांत दिसलंय तसं.

पण सगळ्या प्राण्यांना नाही जमत हं. स्टार्लिंग नावाचा पक्षी सुरांची नक्कल करण्यात एकदम उस्ताद, पण त्याला शिकवलेली चाल वरच्या किंवा खालच्या पट्टीत ऐकवली की बऱ्याचदा त्याला ती अनोळखीच वाटते.

शॅझम, म्हणजे वाजणारं गाणं ऐकून नाव सांगणारं मोबाइल ॲप, तेही मला त्या स्टार्लिंगच्याच जातीचं वाटतं. ते गाण्यातले सगळ्यात ठळक सूर घेतं, कुठला सूर नेमका कधी आला याचे ठिपके मांडतं आणि ठिपक्यांच्या जोड्या साठवलेल्या रेकॉर्डिंगशी ताडून बघतं. त्यामुळे हॉटेलच्या गोंगाटातही क्रॉलबाईंची ती रेकॉर्ड बरोब्बर ओळखेल, पण तेच गाणं समोर कुणी स्टेजवर गात असेल तर ठिपके जुळत नाहीत आणि शोध फसतो.

कव्हर, म्हणजे तेच गाणं दुसऱ्या कुणी आपल्या पद्धतीने गायलेलं, ओळखायला मग वेगळी युक्ती लागते. सगळी सप्तकं एकावर एक घडी घालून फक्त बारा स्वर ठेवायचे, म्हणजे बाई खालून गातेय की बुवा वरून हा प्रश्नच मिटतो, मग ते बारा स्वर एकेक घर सरकवत बघायचे म्हणजे पट्टीचा फरक जातो, आणि एक गाणं हवं तिथे ताणून, हवं तिथे दाबून दुसऱ्यावर बसवायचं म्हणजे लयीचं भांडण संपतं. गुगलने २०२० मध्ये गुणगुणून गाणं शोधायची सोय आणली, तिथे हे काम मशीन लर्निंगकडे दिलंय, ते आवाज, वाद्यं वगैरे सगळं बाजूला काढून फक्त चालीचे आकडे करतं.

तरी माँटगोमरीसारखा माणूस मध्येच मूळ चाल सोडून स्वतःचंच वाजवायला लागला की कॉम्प्युटरची पंचाईत होते, कारण तेव्हा खाली फक्त कॉर्ड्स (एकदम वाजवलेले स्वरांचे गुच्छ) उरतात आणि तशा कॉर्ड्स इतर ढीगभर गाण्यांत असतात. नुसता तो मधला तुकडा ऐकवून विचारलंत तर माझीही खात्री नाही.