बाउंडरी वॉटर्सची शांतता आली कुठून

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मिनियापोलिसहून गाडीने चारेक तास वर गेलं की ईली नावाचं छोटंसं गाव लागतं, आणि तिथून पुढे कॅनडाच्या बॉर्डरपर्यंत नुसती तळी आणि जंगल, ते बाउंडरी वॉटर्स. दहा लाख एकरांच्या वर जागा, हजारावर तळी, उन्हाळ्यात कनू, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, थंडीत स्की आणि कुत्र्यांच्या स्लेज. इथे राहणारे आपले मराठी लोकही जातात आणि परत आले की बहुतेक जण हेच सांगतात, की काय शांत आहे हो, माणसाचा हातच लागलेला नाही. शांत आहे ते अगदी खरंय, पण माणसाचा हात लागला नाही हे मला काही पटत नाही. ती शांतता शंभर वर्षं भांडून मिळवलीये, आणि त्या भांडणात काही लोकांचं घरदार, धंदा सगळं गेलंय, म्हणून तो इतिहास जाणाऱ्याला माहीत असावा असं मला मनापासून वाटतं.

आधी इथे कोण होतं ते बघू. हा ओजिब्वे या मूळनिवासी लोकांचा मुलूख. बर्चच्या सालीची हलकी कनू त्यांचीच, आणि एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जायला मधल्या जमिनीवरून कनू डोक्यावर घेऊन चालायच्या ज्या पायवाटा आहेत, ज्यांना पोर्टेज म्हणतात, त्यातल्या कित्येक त्यांच्याच पायांनी पडलेल्या. नंतर बीव्हरच्या कातड्याच्या व्यापारात फ्रेंच कॅनेडियन वल्हेकरी आले, ग्रँड पोर्टेजला नॉर्थ वेस्ट कंपनीचा तळ होता आणि तिथली वाट साडेआठ मैलांची, म्हणजे जवळजवळ 14 किलोमीटर, आणि एकेक माणूस 40-40 किलोची दोन गाठोडी पाठीवर घेऊन ती चालायचा. 1854 च्या तहात ओजिब्वेंनी ही जमीन अमेरिकन सरकारला दिली, पण शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला.

पोर्टेजचं एक सांगतो. नकाशावर त्याची लांबी अजूनही रॉडमध्ये लिहितात, एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूएवढा. पहिल्यांदा 80 रॉड वाचलं तेव्हा मला वाटलं हे काय, चारशे मीटर, आपण सिंहगड चढणारी माणसं! मग कनू उलटी करून उचलली, मधलं लाकडी जू दोन्ही खांद्यांवर टेकवलं, आणि कळलं की समोरची फक्त दहा पावलं दिसतात, बाकी सगळं कनूच्या पोटातलं अंधारं छत, पायाखाली ओले दगड, आणि तोंडावर डास बसला तरी हाकलायला हात मोकळा नाही. आता केव्हलारच्या, म्हणजे हलक्या पण मजबूत कृत्रिम धाग्याच्या कनू वीसेक किलोच्या असतात म्हणून आपल्याला जमतं तरी.

1880 च्या दशकात ईलीला लोखंडाच्या खाणी सुरू झाल्या आणि पाठोपाठ लाकूडतोड आली. 1909 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने सुपिरियर नॅशनल फॉरेस्ट जाहीर केलं आणि त्याच वर्षी पलीकडे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने क्वेटिकोचं जंगल राखीव केलं. पण राखीव म्हणजे तेव्हा लाकडासाठी राखीव, फिरायला येणाऱ्यांचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. तो पहिल्यांदा मांडला आर्थर कारहार्टने, फॉरेस्ट सर्व्हिसमध्ये नवीनच लागलेला लँडस्केप आर्किटेक्ट, 1919 मध्ये पाहणीला आला आणि म्हणाला की इथे सगळीकडे रस्ते नेऊ नका, पाणी हाच इथला रस्ता आहे. 1926 मध्ये कृषिमंत्री जार्डिनने 6 लाख 40 हजार एकर रस्त्यांशिवाय ठेवायचं ठरवलं.

त्याच सुमारास एडवर्ड बॅकस नावाचा लाकूड आणि कागदाचा बडा उद्योगपती बॉर्डरवरच्या रेनी लेकच्या सगळ्या पाणलोटात धरणं बांधायची योजना घेऊन उभा राहिला. ती झाली असती तर कित्येक तळ्यांचे काठ, धबधबे, बेटं सगळं पाण्याखाली गेलं असतं. त्याला नडला अर्नेस्ट ओबरहोल्टझर, जो 1912 मध्ये बिली मगी या ओजिब्वे मित्राबरोबर कनूने हडसन बेपर्यंत जाऊन आला होता आणि ज्याच्याकडे ना पैसा ना पद. वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, माणसं जमवली, आणि शेवटी 1930 मध्ये अमेरिकन संसदेने कायदा केला की पाण्याची पातळी बदलायची नाही आणि काठापासून 400 फुटांच्या आत झाड तोडायचं नाही. आज कनूतून जाताना दोन्ही बाजूंना जी भिंतीसारखी दाट झाडी दिसते ना, त्यामागे हे 400 फूट आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर वेगळीच अडचण आली. ईलीहून फ्लोटप्लेन थेट आतल्या तळ्यावर उतरायला लागली, मासेमारीवाले सकाळी जाऊन संध्याकाळी परत, आत जागोजागी रिसॉर्ट. म्हणून 1948 मध्ये आतल्या खाजगी जागा विकत घ्यायचा कायदा झाला, आणि 1949 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने या भागावरून 4,000 फुटांखाली विमान उडवायला बंदी घातली, देशात अशी बंदी पहिलीच. रिसॉर्टवाले आणि पायलट कोर्टात गेले, हरले.

यात डोरोथी मोल्टरची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ही शिकागोकडची नर्स, 1930 मध्ये नाइफ लेकवर सुट्टीला आली आणि तिथलीच झाली, पुढे तिथलं छोटं रिसॉर्टही तिच्याकडे आलं. विमानं बंद झाली तसा सोडा यायचा बंद झाला, पण काचेच्या रिकाम्या बाटल्या पडून होत्या, मग तिने तळ्याच्या पाण्याचं रूट बिअर, म्हणजे एक गोड बिनदारूचं पेय, करून त्यात भरायला सुरुवात केली, आणि ते गार ठेवायला हिवाळ्यात तळ्यातून कापून साठवलेला बर्फ. उन्हाळ्यात हजारो कनूवाले वाट वाकडी करून तिच्याकडे थांबायचे, कुणाच्या बोटात गळ रुतला तर काढून द्यायची. सरकारला तिला बाहेर काढायचं होतं पण लोक तिच्या मागे उभे राहिले आणि शेवटी मरेपर्यंत राहायची परवानगी मिळाली, 1986 च्या डिसेंबरमध्ये ती तिथेच गेली. मग लोकांनी तिची लाकडी घरं सुटी केली, गोठलेल्या तळ्यांवरून ईलीला आणली आणि परत जोडून म्युझियम केलं.

हिवाळ्याचं भांडण स्नोमोबाइलमुळे, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या इंजिनाच्या गाडीमुळे, पेटलं. त्याआधी बर्फात कुत्र्यांची स्लेज हेच वाहन, लेक सुपिरियरच्या काठाने जॉन बेअरग्रीस नावाचा ओजिब्वे पोस्टमन 1879 पासून वीसेक वर्षं टू हार्बर्स ते ग्रँड मरे टपाल न्यायचा, उन्हाळ्यात होडीतून आणि हिवाळ्यात कुत्रे जुंपून, त्याच्या नावाने आजही स्लेजची मोठी शर्यत होते. 1950 च्या दशकात मिनेसोटातल्याच रोझो गावात पोलारिस कंपनीवाल्यांनी स्नोमोबाइल बनवायला घेतली आणि थंडीतही आत इंजिनचा आवाज पोचला. 1964 च्या वाइल्डरनेस कायद्यात, म्हणजे रानं आहेत तशी राखायच्या कायद्यात, बाउंडरी वॉटर्स घेतलं खरं, पण मोटरबोट आणि थोडी लाकूडतोड चालू ठेवायची खास सूट देऊन, म्हणजे भांडण पुढे ढकललं इतकंच.

1967 मध्ये ईलीची शेवटची खाण बंद पडलेली, गाव पर्यटकांवर जगायला लागलेलं, अशात मोटर पूर्ण बंद करायची भाषा आली. लोक चिडले. 1977 मध्ये ईलीत सुनावणी होती, तिथे बाहेर मोटरबंदीच्या बाजूने बोलणाऱ्या सिगर्ड ओल्सनचा पुतळा फासावर लटकवला. ओल्सन तिथल्याच कॉलेजचा डीन होता, कनूचा गाइड होता, कित्येक दशकं त्याच गावात राहिला, आणि तरी त्या दिवशी हुर्यो सहन करत बोलला. मी पूर्ण त्याच्या बाजूचा आहे, पण ज्या माणसाने कर्ज काढून बोटी घेतल्या आणि ज्याचं तळंच बंद झालं त्याचा राग मला खोटा वाटत नाही. 1978 च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टरने नव्या कायद्यावर सही केली. लाकूडतोड बंद, मोटर थोड्याच तळ्यांवर आणि तीही बहुतेक ठिकाणी 10 किंवा 25 हॉर्सपॉवरपर्यंत, स्नोमोबाइल एखाद-दुसरी वाट सोडली तर बंद. ओल्सन 1982 च्या जानेवारीत घराजवळ स्नोशू, म्हणजे बर्फात पाय रुतू नये म्हणून घालायचे रुंद जोडे, घालून चालतानाच गेला.

आताचे नियम त्यातूनच आलेत. ग्रुपमध्ये नऊ माणसं, चार कनू, काचेच्या बाटल्या आणि वापरून फेकायचे पत्र्याचे डबे आत न्यायचे नाहीत, 1 मे ते 30 सप्टेंबर रात्रीच्या मुक्कामाची परमिट मोजकीच. थंडीत परमिटचा फॉर्म स्वतःच भरायचा. 1999 च्या 4 जुलैला वादळाने लाखो एकरांतली झाडं आडवी केली, 2007 आणि 2011 मध्ये मोठे वणवे लागले, तिथे आता नवं जंगल उगवतंय.

सध्याचा वाद तांब्याच्या खाणींचा. 2023 मध्ये पाणलोटातल्या सव्वादोन लाख एकरांवर 20 वर्षं नवीन खाण नको असा आदेश निघाला, पण रोजगार की पाणी यावरून ईलीत आजही घराघरांत दोन मतं आहेत. अशा खाणीतून पाण्यात सल्फेट उतरतं आणि ओजिब्वेंचं मनोमिन, म्हणजे तळ्यात आपोआप उगवणारा जंगली तांदूळ, त्याला ते सोसत नाही. ऑगस्टच्या शेवटाला ते पिकतं. दोघं कनूत बसतात, एक जण काठीने कनू ढकलतो आणि दुसरा दोन हलक्या दांड्यांनी कणसं कनूवर वाकवून झोडतो, दांडी 30 इंचांहून लांब चालत नाही, वजन एका पाउंडाच्या आत, आणि यंत्र लावायला परवानगी नाही.