महिला फुटबॉल क्लबचा पहिला सीझन

एखादा व्यावसायिक महिला फुटबॉल क्लब पहिल्यांदा लीगमध्ये उतरतो, त्या वर्षी प्लेअर गोळा करण्यापासून शेवटच्या शिट्टीपर्यंत जे काही होतं ते सगळं म्हणजे त्या क्लबचा पहिला सीझन. व्यावसायिक म्हणजे प्लेअरशी कॉन्ट्रॅक्ट झालेलं असतं, पगार ठरलेला असतो आणि खेळणं हेच तिचं काम असतं. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून संध्याकाळी मैदानावर येणं वेगळं. पुरुषांचा नवीन क्लब आला की लोक विचारतात टीम कितवी आली. महिलांच्या क्लबचा आजवरचा इतिहास बघितला तर आधी विचारायला पाहिजे की पुढच्या वर्षी ती टीम होती का, कारण टेबलात पहिल्या आलेल्या टीम्स वर्षाच्या आत बंद पडल्यात आणि खाली राहिलेल्या टीम्स पुढं मोठ्या झाल्यात.

बेळगावकरांना फुटबॉल नवीन नाही. कॅम्पातली सेंट पॉल्स १८५६ सालची शाळा, तिथली फादर एडी स्मृती आंतरशालेय स्पर्धा सगळ्या शाळांना माहीत असते, टिळकवाडीत लेले मैदान आहे, आणि कोल्हापूर आणि गोवा ही दोन फुटबॉलवेडी ठिकाणं दोन्हीकडं साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. तरी मुलींचं फुटबॉल इथं बहुतेक वेळा शाळेच्या टीमपर्यंत येतं आणि थांबतं. म्हणून खालची माहिती इकडच्या मुली, त्यांचे आई-वडील आणि पीटीचे सर-मॅडम यांना डोळ्यासमोर ठेवून दिली आहे.

दोन टीम्स, एकच वर्ष

अमेरिकेत २००९ साली विमेन्स प्रोफेशनल सॉकर नावाची लीग सुरू झाली, सात टीम्स होत्या. त्यातली न्यू जर्सीची स्काय ब्लू एफसी आणि लॉस एंजेलिसची एलए सोल या दोघींची गोष्ट या विषयात सगळ्यात आधी सांगावी लागते.

स्काय ब्लूचा पहिला सीझन म्हणजे नुसती पडझड होती. सुरुवातीचा कोच सीझनच्या मध्येच टीममधून बाहेर पडला, त्याच्या जागी आलेल्या असिस्टंट कोचनं पण सीझन संपायच्या आधी सोडलं, मग टीमची कॅप्टन आणि अमेरिकेच्या नॅशनल टीमची डिफेंडर क्रिस्टी रॅम्पोन हिच्याकडंच कोचिंग आलं, म्हणजे टीम निवडायची तिनं, सब करायचं ठरवायचं तिनं आणि नव्वद मिनिटं बॅकला उभं राहून खेळायचं पण तिनंच. टीम चौथी आली, प्लेऑफला, म्हणजे वरच्या टीम्सच्या शेवटच्या बाद फेरीला जेमतेम पोचली. तिथून पुढं आठवड्याभरात तीन मॅचेस, तिन्ही दुसऱ्यांच्या मैदानावर, वॉशिंग्टन, सेंट लुईस आणि शेवटी २२ ऑगस्टला लॉस एंजेलिसजवळ कार्सनला फायनल, समोर टेबलात पहिली आलेली एलए सोल आणि तिच्यात ब्राझीलची मार्ता, त्या काळची जगातली सगळ्यात भारी प्लेअर. हीदर ओरायलीनं एक गोल मारला, स्काय ब्लू १-० नं जिंकली. नंतर कळलं की रॅम्पोन तेव्हा गरोदर होती, दुसऱ्या बाळाच्या वेळी. कोच, कॅप्टन, डिफेंडर आणि पोटात बाळ, आणि ट्रॉफी! महिला फुटबॉलमध्ये यापेक्षा मोठा पहिला सीझन मला तरी दुसरा दिसत नाही.

आता एलए सोलचं बघा. मार्ता सारखी प्लेअर, टेबलात पहिला नंबर, फायनलपर्यंत मजल. आणि जानेवारी २०१० मध्ये क्लब बंद. मालकांनी हात काढून घेतला, नवीन मालक मिळाला नाही, संपलं. मार्ता तिथून एफसी गोल्ड प्राइडला गेली, ती टीम २०१० ची चॅम्पियन झाली आणि त्याच वर्षाच्या शेवटी ती पण बंद पडली. २०१२ मध्ये अख्खी लीगच गुंडाळली. त्याच्या आधीची लीग, २००१ साली आठ टीम्स घेऊन सुरू झालेली, ती पण तीन सीझन खेळून २००३ ला बंद झाली होती. मैदानावर प्लेअर्स कुठंच कमी पडल्या नव्हत्या. खर्च जास्त, येणं कमी, आणि मालकांना वाट बघायची तयारी नाही, हे कारण होतं. तिकीट, टीव्ही आणि स्पॉन्सर या तीन गोष्टींतून क्लबला पैसा येतो, आणि पहिल्या वर्षी तिन्ही कच्च्या असतात.

टीम उभी कशी करतात

आत्ताची अमेरिकेतली लीग म्हणजे एनडब्ल्यूएसएल, २०१३ पासून चालू आहे. तिच्यात २०२२ साली कॅलिफोर्नियातून एकदम दोन नवीन टीम्स आल्या, सॅन दिएगो वेव्ह आणि लॉस एंजेलिसची एंजल सिटी. वेव्हनं काय केलं ते नीट बघण्यासारखं आहे. आधी प्रेसिडेंट म्हणून जिल एलिस आणली, जिनं कोच म्हणून अमेरिकेला २०१५ आणि २०१९ असे दोन वर्ल्ड कप जिंकून दिले होते. कोच म्हणून केसी स्टोनी, इंग्लंडची जुनी कॅप्टन, मँचेस्टर युनायटेडच्या महिला टीमला शिकवून आलेली. म्हणजे प्लेअरच्या आधी शिकवणारी माणसं. मग ओरलँडोकडून ॲलेक्स मॉर्गनला घेतलं, आणि कॉलेज प्लेअर्सच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीनं प्लेअर निवडायच्या पद्धतीत, पहिल्याच नंबरला नाओमी गिर्मा नावाची डिफेंडर उचलली. त्या वेळी नवीन क्लबला एक्स्पान्शन ड्राफ्ट पण असायचा, जुन्या क्लबांनी आपल्या ठराविक प्लेअर्स राखून ठेवायच्या आणि उरलेल्यांतून नव्या क्लबनं निवडायचं. २०२४ मध्ये प्लेअर्स युनियनशी नवीन करार झाला आणि ड्राफ्टची पद्धतच बंद झाली, कारण प्लेअरला न विचारता तिला दुसऱ्या गावाला पाठवणं बरोबर नाही असं युनियनचं म्हणणं होतं, आणि ते पटण्यासारखंच आहे.

रिझल्ट काय, तर मॉर्गननं १५ गोल मारून गोल्डन बूट घेतला, गिर्मा त्या वर्षीची बेस्ट डिफेंडर आणि बेस्ट नवोदित, स्टोनी बेस्ट कोच, आणि टीम बारा जणांत तिसरी. एनडब्ल्यूएसएलमध्ये नव्यानं घेतलेली टीम पहिल्याच वर्षी प्लेऑफला जाणं हे तेव्हा पहिल्यांदा झालं. वर्षाच्या सुरुवातीला घरच्या मॅचेस सहा हजार सीटांच्या युनिव्हर्सिटीच्या मैदानावर व्हायच्या, आणि १७ सप्टेंबरला नवीन स्नॅपड्रॅगन स्टेडियमवर एंजल सिटीशी मॅच झाली तेव्हा ३२ हजार लोक आले.

एंजल सिटी मात्र आठवी आली, प्लेऑफ हुकला. तरी घरच्या मॅचला सरासरी १९ हजारांच्या आसपास पब्लिक. नटाली पोर्टमनसारखी नटी मालकांत होती म्हणून लोक आले असं म्हणणारे भेटतील, पण नटीला बघायला माणूस एकदा येतो, वर्षभर दर मॅचला येत नाही. क्लबनं टीम मैदानात उतरायच्या कितीतरी आधीपासून शहरात काम केलं, स्पॉन्सरच्या पैशातला दहा टक्के भाग स्थानिक कामांना द्यायचं ठरवलं, त्याचं ते फळ होतं.

आपल्याकडं

भारतात इंडियन विमेन्स लीग, म्हणजे आयडब्ल्यूएल, २०१७ ला सुरू झाली. फायनल राउंड दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर २८ जानेवारी ते १४ फेब्रुवारी, सहा टीम्स. मणिपूरची ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन, ओडिशाची रायझिंग स्टुडंट क्लब, हरियाणाची अलखपुरा, पुदुच्चेरीची जेप्पियार, मिझोरामची ऐझॉल आणि महाराष्ट्रातून एफसी पुणे सिटी. फायनलला ईस्टर्ननं रायझिंगला ३-० हरवलं, त्यांच्याच कमला देवीनं स्पर्धेत सगळ्यात जास्त, १२ गोल मारले. अख्खा सीझन तीन आठवड्यांच्या आत संपला. ज्या गावाची टीम त्या गावात एक पण मॅच नाही, मग गावातल्या लोकांनी टीम आपली म्हणायची कशी? ईस्टर्नच्या मुलींनी ट्रॉफी जिंकली ती इंफाळपासून कुठच्या कुठं लांब.

पुणे सिटीबद्दल वेगळं लिहायलाच पाहिजे. त्या वर्षी आयएसएल म्हणजे पुरुषांच्या इंडियन सुपर लीगमधल्या सगळ्या क्लबांत महिला टीम उतरवणारा हा एकच क्लब होता, ही साधी गोष्ट नाही, त्याबद्दल त्यांचं कौतुक करायलाच हवं. पण पुढच्या वर्षी शिलाँगला लीग झाली तेव्हा फायनल राउंडच्या सात टीम्समध्ये पुणे सिटी नव्हती, आणि २०१९ मध्ये तर पुरुषांसकट क्लबच बंद झाला. इकडच्या मराठी घरातल्या मुलीला आयएसएलच्या नावाची जर्सी घालायची स्वप्नं पडावीत अशी ती एक टीम होती, ती एका सीझनपुरतीच राहिली याचं वाईट वाटतं.

उलट उदाहरण केरळच्या गोकुलमचं. ते त्याच शिलाँगच्या लीगमध्ये, २०१८ ला पहिल्यांदा उतरले, पहिल्या वर्षी हाताला काही लागलं नाही, पण टीम मोडली नाही. २०२० ला चॅम्पियन, २०२२ ला चॅम्पियन, २०२३ ला परत चॅम्पियन, मधलं एक वर्ष कोरोनामुळं लीगच झाली नव्हती.

आणि कोल्हापूर. २०२० च्या सुरुवातीला बंगळूरला झालेल्या लीगमध्ये एफसी कोल्हापूर सिटी खेळली. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ अशा तालमी आणि पेठांच्या नावानं शाहू स्टेडियम भरतं, त्या गावातून मुलींची टीम नॅशनल लीगला जाणं ही आपल्या पट्ट्यासाठी सगळ्यात जवळची गोष्ट होती.

घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर आलटून पालटून मॅचेस, म्हणजे खऱ्या अर्थानं सीझन, हे भारतात सुरू झालं डिसेंबर २०२३ पासून. सात टीम्स होत्या, ओडिशा एफसी जिंकली. पगाराच्या बाबतीत फुटबॉल महासंघानं वरच्या लीगमधल्या क्लबांना किमान दहा भारतीय प्लेअर्सना वर्षाला निदान ३ लाख २० हजार रुपये द्यायचा नियम जाहीर केला. महिन्याला सत्तावीस हजारांच्या आतबाहेर. अमेरिकेत २०२२ ला कमीत कमी पगार वर्षाला ३५ हजार डॉलर होता. तुलना करून उपयोग नाही, पण घरी सांगायला एक आकडा झाला हे महत्त्वाचं, कारण मुलगी खेळते म्हटल्यावर आजी पहिलं विचारते की मिळतंय किती.

बेळगावच्या मुलीला काय काय पार करावं लागतं

पहिली अडचण कॅलेंडरची. दिल्लीची लीग जानेवारी-फेब्रुवारीत झाली, बंगळूरची पण. इकडं मार्चला एसएसएलसी आणि पीयूसी, म्हणजे दहावी-बारावीच्या परीक्षा. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला, जी खरंतर याच वयात वरच्या टीममध्ये घुसायला पाहिजे, तिला घरचे फेब्रुवारीत सोडणार का?

दुसरं पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बेळगावात जो पाऊस लागतो त्यात तांबड्या मातीच्या मैदानाचा चिखल होतो, स्टड्सला गोळे चिकटतात, बॉल एका जागी थांबतो, आणि प्रॅक्टिस टर्फवर न्यायची तर तासाचं भाडं भरायचं. पाच-पाचच्या टर्फवर पायातली सफाई येते खरी, पण लांब पास, क्रॉस, ऑफसाइडची लाइन हे तिथं शिकताच येत नाही.

तिसरी गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून इथं लिहितो, मैदानाजवळ मुलींना कपडे बदलायला दार बंद होणारी खोली आणि पाणी असलेलं टॉयलेट. नवीन क्लब काढणाऱ्यांनी जर्सीच्या डिझाइनच्या आधी हे बघावं. लाइट लावून सात वाजेपर्यंत प्रॅक्टिस चालणार असेल तर सांबऱ्याच्या किंवा खानापूरच्या मुलीला परत पोचवायचं कसं, गाडी कोणाची, सोबत कोण, हे पहिल्या दिवशी पालकांसमोर बसून ठरवावं लागतं, नाहीतर दोन महिन्यांत वीसच्या बारा मुली होतात.

चौथं कागदाचं. बेळगावची मुलगी कर्नाटकाकडून नोंदलेली असते. घरी मराठी, मामाचं गाव कोल्हापूर, तरी कोल्हापूरच्या टीमकडून खेळायचं झालं तर इंटर-स्टेट ट्रान्सफर करावा लागतो, त्याला तारखा असतात, आधीच्या क्लबची संमती लागते. ट्रायलला जाण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

कर्नाटकातून पुढं जायचं तर रस्ता बंगळूरवरून जातो. तिथल्या किकस्टार्ट एफसीनं २०२३ मध्ये लीगची फायनल गाठली होती, अहमदाबादला, गोकुलमकडून ५-० नं हरले पण फायनलला पोचणारी टीम आपल्या राज्यातली होती. बेळगावातून एखादा नवा महिला क्लब निघाला तर त्याचा पहिला सीझन राज्य संघटनेच्या महिला लीगमध्ये, म्हणजे बंगळूरलाच जाणार. त्यात वर आलं तर देशपातळीवरची दुसरी डिव्हिजन, जी २०२४ पासून आयडब्ल्यूएल टू या नावानं चालते, आणि तिथून वर. कोलकात्याची श्रीभूमी आणि ओडिशाची नीता फुटबॉल अकॅडमी अशा दोन टीम्स पहिल्याच वर्षी तिथून वरच्या लीगला गेल्या. म्हणजे दार उघडं आहे. फक्त वीस-बावीस मुली, एक महिला फिजिओ, गोलकीपरसाठी वेगळा कोच, राणी चन्नम्मा एक्सप्रेसची रात्रीची तिकिटं आणि बंगळूरमधला मुक्काम, एवढा खर्च एका नव्हे तर निदान तीन वर्षांसाठी बाजूला काढून ठेवणारा कोणीतरी पाहिजे, आणि तो मिळाल्याशिवाय क्लबचं नाव जाहीर करू नये.