आकडा वाढला म्हणजे राखण झाली का?

भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, पिकली की आमच्या फोंड्यात अंगणाअंगणांत सोलां वाळायला पडतात. यंदा मामांनी भिरंडाच्या कॅप्सूलची डबी आणून माझ्यापुढे ठेवली. तिच्यावर लिहिलं होतं: रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढवते. अँटिऑक्सिडंट म्हणजे ऑक्सिडीकरणाने होणारी झीज रोखणारं द्रव्य. हे खरंही असेल. पण प्लाझ्माची, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवाची, क्षमता वाढणं वेगळं आणि शरीराची राखण होणं वेगळं.

क्षमता मोजतात ती नळीत. 1996 साली मांडलेल्या 'फ्रॅप' चाचणीत प्लाझ्मा लोहाच्या द्रावणात मिसळतात. द्रावण जितकं गडद निळं होईल तितका आकडा मोठा. पण निळं केलं कुणी, ते चाचणी सांगत नाही. बहुतेक वेळा त्यात सर्वांत मोठा वाटा यूरिक ॲसिडचा असतो. गाउट या सांध्यांच्या आजारात पायाचा अंगठा सुजवतं तेच हे. मूत्रपिंडं निकामी होऊ लागली की यूरिक ॲसिड साचतं, मग गंभीर आजारी माणसाचाही आकडा झकास दिसतो! मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

2004 साली अमेरिकेत लोटिटो आणि फ्राय यांनी निरोगी माणसांना पाच-पाच सफरचंदं खायला दिली. आकडा वाढला. मग सफरचंदांत असते तेवढीच नुसती फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर, दिली, तरी तो तसाच वाढला. म्हणजे श्रेय फळातल्या फ्लॅवोनॉइड नावाच्या अँटिऑक्सिडंटांचं नव्हतंच; फ्रुक्टोजमुळे यूरिक ॲसिड वाढलं होतं. भिरंडाच्या गोड सरबतात आपण ओततो त्या साखरेतही निम्मी फ्रुक्टोजच असते.

'क' जीवनसत्त्व या दुसऱ्या अँटिऑक्सिडंटचं म्हणाल, तर दिवसाला 200 ते 400 मिलिग्रॅम पोटात गेलं की निरोगी माणसाचा प्लाझ्मा जवळजवळ भरतो. वरचं बरंचसं लघवीवाटे जातं.

राखण झाली की नाही हे पाहायचं तर झीज मोजावी लागते. चरबीचं ऑक्सिडीकरण झालं की आयसोप्रोस्टेन तयार होतात, ते लघवीत मोजता येतात. त्याहून पक्का पुरावा म्हणजे माणसं कमी आजारी पडली का, हा. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, निकाल 1994 साली आला. रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजरात असतं ते अँटिऑक्सिडंट, घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त निघाला.

मामा अजून विडी ओढतात. म्हणून डबी हातात येताच मी आधी मागचं बारीक अक्षर वाचलं, त्यात बीटा-कॅरोटीन आहे का ते पाहायला.