किंगफिश (क्रिस्टोन इन्ग्राम)

किंगफिश : (१९ जानेवारी १९९९ – ). अमेरिकन ब्लूज (अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या लोकगीतांतून घडलेले संगीत) गायक, गिटारवादक व गीतकार. मूळ नाव क्रिस्टोन इन्ग्राम. जन्म मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेल येथे. विशीत पाऊल ठेवताच त्याचा पहिला अल्बम आला आणि तेविसाव्या वर्षी त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. या झपाट्यामुळे त्याच्याविषयी लिहिताना ‘चमत्कार’ हा शब्द वारंवार येतो. परंतु त्याच्या गाण्यामागे एका गावाने जपलेली तालीम आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय त्याची कारकीर्द नीट कळत नाही.

क्लार्क्सडेल हे कापसाच्या शेतांनी वेढलेले, सुमारे १५ हजार वस्तीचे गाव आहे. महामार्ग ६१ आणि ४९ येथे एकमेकांना छेदतात. जुन्या पिढीतील ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनने मध्यरात्री सैतानाला आत्मा विकून गिटारची विद्या मिळवली, ही दंतकथा याच चौरस्त्याशी जोडली जाते. गावाचा खरा इतिहास दंतकथेहून मोठा आहे. पुढे ब्लूजचा मोठा गायक-गिटारवादक ठरलेला मडी वॉटर्स जवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर मजुरी करत असे. १९४१ मध्ये लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी तेथे जाऊन त्याचे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि दोन वर्षांनी तो शिकागोला निघून गेला. त्याच्यासारखे हजारो कृष्णवर्णीय मजूर पोटासाठी उत्तरेकडे गेले व आपले संगीतही बरोबर घेऊन गेले. मडी वॉटर्सच्या लाकडी झोपडीचे अवशेष आता गावातील डेल्टा ब्लूज म्युझियममध्ये मांडलेले आहेत. हे संग्रहालय रेल्वेच्या जुन्या मालधक्क्याच्या इमारतीत आहे.

याच संग्रहालयात गावातील मुलांसाठी ब्लूजचे वर्ग चालतात. किंगफिश तेथे शिकला. घरात गाणे आधीपासून होते : आईकडचे नातलग चर्चमध्ये गात, आणि प्रसिद्ध कंट्री गायक चार्ली प्राइड हा आईचा नात्याने भाऊ. किंगफिश आधी ड्रम्स, मग बेस आणि अकराव्या वर्षाच्या सुमारास गिटारकडे वळला. बिल ‘हाउल-एन-मॅड’ पेरी आणि रिचर्ड ‘डॅडी रिच’ क्रिसमन हे त्याचे शिक्षक. ‘किंगफिश’ हे नावही पेरी यांनीच ठेवले. जुन्या हास्यमालिकेतील एका पात्राचे ते नाव. या वर्गांतली शिकवणी मुख्यतः कानावर आणि हातावर अवलंबून असते. गुरूने वाजवायचे, शिष्याने उचलायचे आणि तयारी झाली की मोठ्यांच्या मागे बसून साथ करायची. आपल्याकडच्या वाचकाला ही रीत वेगळी सांगावी लागणार नाही. मात्र त्याच्या वयाची गावातील बहुतेक मुले हिप-हॉप ऐकत होती आणि ब्लूज त्यांना आजोबांचे संगीत वाटे. २०१४ मध्ये संग्रहालयाच्या मुलांचे पथक व्हाइट हाउसमध्ये मिशेल ओबामा यांच्यासमोर वाजवून आले, त्यात तो होता.

त्याच्या पहिल्या अल्बमचा मार्ग बडी गाय या ज्येष्ठ वादकाने मोकळा केला. बडी गाय स्वतः लुइझियानातून १९५७ मध्ये शिकागोला गेला होता आणि तेथे मडी वॉटर्सबरोबर वाजवत असे. क्लार्क्सडेलहून शिकागोला गेलेली विद्या अशा रीतीने, साठ-सत्तर वर्षांनी, क्लार्क्सडेलच्याच मुलापर्यंत परत आली. ‘किंगफिश’ हा अल्बम २०१९ मध्ये शिकागोच्या ॲलिगेटर रेकॉर्ड्सने काढला. निर्माता टॉम हॅम्ब्रिज. ‘फ्रेश आउट’ या गाण्यात बडी गाय त्याच्याबरोबर गातो आणि वाजवतो. एकाच गाण्यात दोन पिढ्या ऐकायच्या असतील तर हे आधी ऐकावे. ‘बीन हिअर बिफोर’ हे शांत, अकूस्टिक गाणे मला त्याहून मोलाचे वाटते. गिटारची आतषबाजी बाजूला ठेवूनही हा मुलगा गायक म्हणून उभा राहतो, हे त्यात दिसते. अल्बमला ब्लूज म्युझिक अवॉर्ड्सचे पाच पुरस्कार मिळाले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्याची आई प्रिन्सेस प्राइड वारली. मुलाच्या गाण्यामागे ती पहिल्यापासून ठामपणे उभी होती. पाठोपाठ कोविडची टाळेबंदी आली. या घरबंद काळात रचलेली गाणी ‘६६२’ (२०२१) या अल्बममध्ये आहेत. ६६२ हा उत्तर मिसिसिपीचा दूरध्वनी संकेतांक. ‘समथिंग इन द डर्ट’मध्ये गावची माती आहे, ‘अनदर लाइफ गोज बाय’मध्ये वर्णद्वेषाने घेतलेल्या बळींचा शोक आहे, आणि ‘रॉक अँड रोल’ हे गाणे आईसाठी आहे. या अल्बमला २०२२ मध्ये समकालीन ब्लूज विभागातील ग्रॅमी मिळाला.

ब्लूजची बांधणी साधी असते. बारा मात्रागटांचे एक आवर्तन फिरत राहते आणि कडव्याची पहिली ओळ बहुधा पुन्हा येते. कस लागतो तो सुरांच्या मधल्या जागांवर. कोमल आणि शुद्ध गांधाराच्या दरम्यानची एक जागा ब्लूजचा प्राण आहे. पेटीवर ती सापडत नाही, गिटारची तार बोटाने ओढूनच तेथे पोहोचता येते. मींडेची सवय असलेल्या कानाला ती लगेच ओळखू येते. किंगफिशची तार ओढण्याची पद्धत गायकाच्या आवाजासारखी आहे : सूर चढवतो, थांबवतो, थरथरवतो, मग सोडतो. द्रुत तानांसाठी त्याची वाहवा होते, पण त्याचे सामर्थ्य या थांबण्यात आहे. गाताना त्याचा आवाज जाड, खालच्या पट्टीतला, वयापेक्षा प्रौढ वाटतो. फेंडर कंपनीने २०२२ मध्ये त्याच्या नावाची जांभळी टेलिकास्टर डिलक्स गिटार बाजारात आणली.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तो मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओतील महिंद्रा ब्लूज महोत्सवात वाजवून गेला. त्याच वर्षी ‘लाइव्ह इन लंडन’ हा मैफलीचा अल्बम आला. वाजवता वाजवता व्यासपीठावरून उतरून श्रोत्यांमधून फिरणे ही त्याच्या मैफलीची ओळख. २०२५ मध्ये ‘हार्ड रोड’ हा अल्बम त्याने रेड झीरो रेकॉर्ड्स या स्वतःच्या संस्थेतर्फे काढला. त्यात रॉक व सोल संगीताचे रंग अधिक गडद आहेत.