हवेचे प्रदूषण व हृदयविकाराचा झटका (ग्रामीण विदर्भ)

हृद्‌रोहिणीत (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत) साचलेला चरबीयुक्त थर फाटून गुठळी झाली व रक्त अडले, की झटका येतो. थर साचायला वर्षे लागतात. धूर, धूळ वा कडक ऊन हे बहुधा निमित्त ठरते. लंडनमधील डिसेंबर १९५२ च्या धुरक्यात हृद्‌रोगानेही मृत्यू झाले. हवेतील सूक्ष्म कण वाढल्यावर काही तासांतच झटक्याची शक्यता वाढते, असे बॉस्टनमधील २००१ च्या अभ्यासात आढळले.

हे २.५ मायक्रोमीटरहून (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोचतात. पुढे हृदयावर परिणाम कसा होतो, याविषयी तीन मते आहेत : फुप्फुसातील दाहामुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, स्वायत्त तंत्रिका तंत्राचा (हृदयासारख्या अवयवांचे काम आपोआप चालवणाऱ्या मज्जातंतूंचा) तोल ढळून नाडी व रक्तदाब बिघडतात, अतिसूक्ष्म कण थेट रक्तात शिरतात. तिसरे मत वादग्रस्त. बेल्जियममधील संशोधकांनी २००२ मध्ये टेक्नेशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याने चिन्हांकित केलेले कार्बनकण हुंगवले, तेव्हा काही मिनिटांत रक्तात किरणोत्सार आढळला. पण तो कणांपासून सुटलेल्या टेक्नेशियमचा असावा, असा आक्षेप आला. एडिंबरो येथील प्रयोगात (२०१७) हुंगलेले सोन्याचे कण रक्तात, लघवीत व मानेच्या धमनीतून काढलेल्या थरातही सापडल्याने या मताला बळ मिळाले. तरी काही तासांत येणाऱ्या झटक्याचा उलगडा दुसऱ्या मताने अधिक नीट होतो.

विदर्भातील खेड्यांत पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे), तुराट्या (तुरीची वाळलेली खोडे) व गोवऱ्या चुलीत जळतात. त्यांच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील ऑक्सिजनची जागा घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २०२० मध्ये घरातील धुराने जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले; त्यांतील ३२ टक्के हृद्‌रोहिणीच्या विकाराने. म्हणजे बिडी न ओढणारी बाईही धुरापासून सुटत नाही. सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा भारतात घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, तर संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीनुसार ५ आहे.

वणी-घुग्घुस या कोळसा खाणींच्या पट्ट्यात कोळशाच्या ट्रकांची धूळ रस्त्यालगतच्या कापसाच्या बोंडांवर बसते. हीच हवा वेचणाऱ्या मजुरांच्या श्वासात जाते. चंद्रपूर, कोराडी व खापरखेडा येथे कोळसा जाळणारी औष्णिक वीजकेंद्रे आहेत; त्यांच्या धुराचीही भर पडते.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. घामाने पाणी व क्षार कमी होऊन रक्त दाट होते, नाडी वाढते. हिवाळ्यात थंडीने धमन्या आकसतात आणि चूल-शेकोटीचा धूर पहाटे जमिनीलगत साचून राहतो.

छातीतली कळ ‘गॅस’ समजून ओव्याचे पाणी घेण्यात मोलाचा वेळ जातो. उज्ज्वला योजनेने (२०१६) सिलिंडर आले, पण अंघोळीचे पाणी पुष्कळ घरी अजून चुलीवरच तापते. कारण पऱ्हाटी शेतातून फुकट मिळते.